‘एक्स्पो चालू केलं, म्हणून वॉरंटी गेली’ हे कायद्यात बसतं का?

प्रश्न : मी म्हापशाला राहतो. पणजीच्या एका दुकानातून ‘डीडीआर५ ६०००’ रॅमची दोन किट घेतली. प्रत्येकात १६ जीबीच्या दोन स्टिक, बिल ३८ हजार. रायझन ७००० (एएमडीचा प्रोसेसर) असलेल्या मशीनवर चारही स्टिक लावून एक्स्पो प्रोफाइल (रॅमला छापील वेगावर नेणारी तयार सेटिंग) चालू केलं की मशीन अडकतं. दुकानदार म्हणतो, हे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे, वॉरंटी संपली. काय करू?

उत्तर : एक्स्पो हे ओव्हरक्लॉकिंग आहे, एवढं दुकानदाराचं बरोबर. पण त्यामुळे रॅमची वॉरंटी जात नाही. ६००० चा वेग एक्स्पो किंवा एक्सएमपी (इंटेलची तशीच सेटिंग) चालू केल्यावरच मिळतो, सहसा १.३५ व्होल्टवर. ते प्रोफाइल उत्पादकानेच स्टिकमध्ये लिहून दिलेलं असतं. खोक्यावर छापलेला आकडा मिळवायला तुम्ही तेच वापरलंत, त्यात गैरवापर कुठला? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(१०) नुसार विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जात उणीव असली तरी तो मालाचा दोष ठरतो. प्रोफाइलच्या पुढे जाऊन तुम्ही हाताने व्होल्टेज वाढवलं असेल, तर मात्र बाजू लंगडी पडते. प्रोसेसरची वॉरंटीही वेगळी. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही.

तरीही नोटीस इतक्यात पाठवू नका. तुमची खरी अडचण चार स्टिकची असण्याची शक्यता मोठी आहे. रायझन ७००० ला एएमडी अधिकृतपणे दोन स्टिकवर ५२०० आणि चारवर फक्त ३६०० चा वेग देते. शिवाय उत्पादक एका किटमधल्या स्टिकच एकत्र तपासतो. एकाच मॉडेलची दोन किट जोडून ६००० चालेल असं तो कुठेच म्हणत नाही. दुकानदाराचा वकील नेमकं इथेच बोट ठेवील.

म्हणून आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. मग एकच किट प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा (मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या) आणि एक्स्पो लावा. पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहतो, मेमरी ट्रेनिंग (मशीन रॅमशी जुळवून घेत असतं) चालू असतं. तेव्हा बटण दाबू नका. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. दुसऱ्या किटचंही तसंच. जे किट चुका दाखवील, त्याची एकेक स्टिक वेगळी तपासा आणि अनुक्रमांकासह निकालाचे फोटो ठेवा. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३००० दिसलं तर घाबरू नका, डीडीआरमध्ये क्लॉकचा (वारंवारितेचा) आकडा छापील वेगाच्या निम्माच दिसतो. ते पुरावा म्हणून मांडलंत तर तक्रारच हास्यास्पद ठरेल.

दोन स्टिकवरही चुका आल्या तर तुमची बाजू भक्कम आहे. दुकानदाराला आणि उत्पादकाच्या सेवा केंद्राला ईमेलने लेखी कळवा, १५ दिवसांत बदली किंवा परतावा मागा. वॉरंटी नाकारायची असेल तर तीही लेखी नाकारू द्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तरीही काम झालं नाही, तर पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगात कलम ३५ खाली तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. फोटो आणि ईमेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. गरज वाटल्यास आयोग स्टिक सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. बिल फर्मच्या नावावर असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येईल. उपजीविकेसाठी स्वतः काम करत असाल तर तसं तक्रारीतच लिहा.

दोन्ही किट वेगवेगळी नीट चालली, तर मालात दोष नाही. ‘चार स्टिकवर ६००० चालेल’ असं दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर किंवा कोटेशनमध्ये लिहून दिलेलं असेल, तरच त्याला धरता येईल. तसं काही नसेल तर आयोगाची पायरी चढू नका. दोन्ही किट परत देऊन ३२ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट मागा, फरक भरायची तयारी ठेवा. खोकी आणि बिल मात्र तोवर टाकू नका.