देखरेख कोणाची, निगराणी कोणाची?

प्रश्न असा आला आहे: अवकाश मोहिमांविषयीच्या लेखात 'सिव्हिल सोसायटी ओव्हरसाइट' असं आलं, तर 'नागरी समाजाची देखरेख' लिहावं का?

मी लिहिणार नाही. 'नागरी' म्हटलं की मराठी वाचकाला आधी शहर आठवतं: नागरी वस्ती, नागरी सुविधा. तिथे सरळ 'नागरिकांच्या संस्था' म्हणावं. खरी अडचण 'देखरेखी'ची आहे.

देखरेख करणाऱ्याच्या हाती अधिकार असतो. बांधकामावर देखरेख करणारा काम थांबवू शकतो. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं सहावं कलम सांगतं, की बिगरसरकारी घटकांच्या अवकाशातल्या कामांना संबंधित राष्ट्राने परवानगी द्यायची आणि त्यांच्यावर सतत देखरेख ठेवायची. इथे हा शब्द चपखल बसतो, कारण परवाना देणारं आणि अडवणारं सरकारच.

याच कलमात अनुवादकाचा पाय हमखास घसरतो. 'बिगरसरकारी घटक' याचं 'बिगरसरकारी संस्था' केलं, की डोळ्यांपुढे स्वयंसेवी संस्था उभ्या राहतात. आज व्यवहारात कलमाचा रोख मुख्यतः रॉकेट आणि उपग्रह सोडणाऱ्या खासगी कंपन्यांवर आहे. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि जे लक्ष ठेवू पाहतात, दोघे एकाच नावाखाली जातात आणि वाक्याचा अर्थच उलटतो. म्हणून तिथे 'खासगी कंपन्या व इतर बिगरसरकारी घटक' असं लांबलचक लिहिलेलं परवडलं.

मग नागरिक करतात त्याला काय म्हणायचं? 'पाळत' नको, तिच्यात चोरटेपणा आहे. इंग्लंडमधल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी हे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे सिग्नल ऐकत, वेळा टिपत, कक्षेचं गणित मांडत. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ या उपग्रहाची कक्षा माहीत असलेल्या प्रक्षेपणतळाशी जुळेना. त्या आकडेमोडीतून उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्कचा गुप्त प्रक्षेपणतळ उघड झाला. सोव्हिएत संघाने तो १९८३ पर्यंत मान्य केला नव्हता! या मुलांकडे कसलाही अधिकार नव्हता. होते ते कान, वही आणि चिकाटी.

अशा कामाला मला 'निगराणी' हा शब्द फार आवडतो. 'निगा' मूळची फारसी 'निगाह', म्हणजे नजर. मराठीत आल्यावर ती नजर काळजी घेऊ लागली: झाडाची निगा, बाळाची निगा. हिंदीतल्या 'निगरानी'ला पोलिसी वास येतो हे खरं, पण मराठी कानाला निगराणीत राखण करणारा माणूस दिसतो. अवकाश कोणा एकाच्या मालकीचं नाही असं तोच करार सांगतो, तेव्हा त्याची राखण करणाऱ्याला हाच शब्द शोभतो.

कायद्यात या निगराणीला थोडा आधारही आहे. अकराव्या कलमानुसार राष्ट्रांनी आपल्या अवकाशकार्याचं स्वरूप, ठिकाणं आणि निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना, वैज्ञानिकांना आणि जनतेलाही कळवायचे आहेत. फक्त 'शक्य व व्यवहार्य असेल तितके' ही पळवाट शेजारीच आहे. या शब्दांचा अनुवाद मुळीच गुळगुळीत करू नका, वाचकाला ती फट दिसली पाहिजे.

ती किती रुंद असू शकते पाहा. एप्रिल २०१९ मध्ये बेरेशीट हे खासगी इस्रायली यान चंद्रावर आदळलं. त्यात सुकवलेले टार्डिग्रेड, म्हणजे अतिसूक्ष्म, चिवट प्राणी होते, हे जगाला कळलं त्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्टमध्ये. इंग्रजीत 'ओव्हरसाइट'चा दुसरा अर्थ 'नजरचूक' आहे. अशा प्रसंगाबद्दल लिहिलेल्या मजकुरात हा शब्द भेटला, तर कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते आधी नीट पाहा.

तेव्हा तुमच्या वाक्यात असं लिहा: 'खासगी कंपन्यांवर सरकारची देखरेख आणि दोघांवर नागरिकांच्या संस्थांची निगराणी.' क्रियापद दोन्हीकडे 'ठेवणे' चालेल.