घरात वीस-पंचवीस प्रकारचे चहा जमलेत, ते नीट कसे ठेवायचे आणि त्यांची मजा कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की दार्जिलिंगची दोन-तीन पाकिटं, लोकांनी उटी-मुन्नारहून आणून दिलेले चहा, एक माचा (हिरव्या चहाची जपानी पूड), एक काश्मिरी कहवा, एक पू-एरची (दाबून मुरवलेल्या चिनी चहाची) चकती असं सगळं ओट्याच्या वरच्या कपाटात एकत्र आहे, कपाट उघडलं की सगळ्यांचा मिळून एकच वास येतो, आणि आता तुम्ही विचारून राहिले की प्रकाराप्रमाणे लावू का आणि छान काचेच्या बरण्या घेऊ का. मीही नागपूरचाच आहे, चहाचं वेड जुनं आहे, म्हणून सरळ सांगतो. बरण्या घेऊ नका आणि प्रकाराप्रमाणे तर अजिबात लावू नका. कोणता आधी संपवायचा, त्या क्रमाने लावा.

जरा हिशोब करा ना. बिनदुधाच्या एका कपाला दोन-अडीच ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात चाळीस-पन्नास कप. अशी पंचवीस पाकिटं असतील तर हजारावर कप झाले, रोज एक कप निवांत प्यायलात तरी तीन वर्षं पुरतील. आणि तीन वर्षं टिकणारे चहा त्यात फार नाहीत. हिरवा, ऊलाँग (हिरव्या-काळ्याच्या मधला), काळा हे सगळे एकाच झाडाचे, पान तोडल्यावर ते किती ऑक्सिडाइज होऊ दिलं, म्हणजे हवेने किती काळपट पडू दिलं, एवढाच मुख्य फरक, आणि साधारण असं धरा की जितकं कमी ऑक्सिडेशन तितका चहा लवकर उतरतो. माचा सगळ्यात आधी जातो कारण ती बारीक पूड, उघडल्यावर महिन्या-दोन महिन्यात रंग शेवाळी होतो आणि वाळलेल्या गवताचा वास यायला लागतो. मग हिरवा चहा. मग दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलची पहिली तोड, तो नावाला काळा पण पानात बराच हिरवेपणा शिल्लक असतो, त्यामुळे वर्षभरात संपवलेला बरा. मे-जूनचा सेकंड फ्लश, आसामचा ऑर्थोडॉक्स (अख्ख्या पानांचा), निलगिरी (उटीकडच्या डोंगरांतला चहा) हे दीड-दोन वर्षं आरामात काढतात. पू-एर आणि पांढरा चहा मुरतात, त्यांची घाई नाही.

फसवणारी वस्तू म्हणजे कहवा. त्यात बदामाचे काप असतील तर आपल्याकडच्या मे महिन्यात ते खवट होतात आणि पूर्ण डबा वाया, तेव्हा हिवाळ्यातच उडवा. उटीचा चॉकलेट चहा आणि तसले फ्लेवरवाले प्रकार (कोणी प्रेमाने आणलेत, मान्य आहे) ऑफिसच्या पँट्रीत नेऊन ठेवा, तिथे चार दिवसात संपतात. त्यांचा वास बाकीच्यांना लागतो ही खरी अडचण. चहा वास भयंकर ओढतो. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा जो जास्मिन चहा येतो तो याच गुणावर बनतो, चीनमध्ये पत्ती आणि ताज्या कळ्या रात्रभर एकत्र ठेवतात, सकाळी फुलं काढून घेतात, चांगल्या मालाला हे बरेचदा करतात. तुमच्या ओट्यावरच्या कपाटात तेच चाललंय, फक्त फुलांच्या जागी हिंग, जिरं आणि सावजी मसाला आहे.

आता जागा कुठली. पुस्तकी उत्तर असतं की थंड, कोरडी, अंधारी जागा बघा, पण नागपुरात अशी जागा शोधावी लागते. माळा नको, स्लॅब एप्रिलपासून तापायला लागतो आणि रात्रीसुद्धा निवत नाही. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. कपड्यांचं कपाट नको, डांबरगोळीचा वास लागला की तो चहा गेला समजा. आणि ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते म्हणजे कूलर. बाहेर ४५ डिग्री आणि हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून आपण समजतो की उन्हाळ्यात चहा सादळणार नाही, पण कूलर दिवसभर ओली हवा घरात फेकत असतो, त्यात खसच्या ताट्या असतील तर वाळ्याचा वास वेगळा. कूलरच्या खोलीत उघडलेलं पाकीट मे महिन्यातही ऑगस्टसारखं सादळतं. म्हणून आतल्या, बिनकूलरच्या खोलीतला खालचा कप्पा बघा, दिवाणाच्या पेटीतही चालतं, फक्त तिथे अंथरुणं नकोत.

काचेच्या बरण्या दिसायला मस्त, पण उजेडाने चहा फिका पडतो. साधे स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे घ्या, किंवा आतून दुसरं झाकण असलेले पत्र्याचे. आणि पत्ती डब्यात ओतू नका, तिच्या फॉइलच्या पाकिटातच राहू द्या, हवा दाबून काढायची, तोंड दोनदा दुमडायचं, कपड्याचा चिमटा लावायचा आणि मग पाकीट डब्यात. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. डबा जुना असेल तर आधी एक टेस्ट करा, त्यात गरम पाणी ओतून झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडून नाक लावा, गरम मसाल्याचा जरासाही वास आला तर त्यात डाळ भरा. धुराचा वास असलेला लाप्सांग सूशाँग कधी घेतलात तर त्याला पूर्ण वेगळा डबा आणि वेगळा कप्पा.

फ्रिजबद्दल लोक भांडतात. माझं मत असं की न उघडलेला, सीलबंद हिरवा चहा किंवा माचा फ्रिजमध्ये खुशाल ठेवा, पण बाहेर काढल्यावर तीन-चार तास तसाच राहू द्या आणि मगच उघडा, नाहीतर जुलैच्या दमट हवेत गार पत्तीवर पाणी धरतं. एकदा उघडलेलं पाकीट मात्र परत आत टाकायचं नाही.

लेबल म्हणून मास्किंग टेपची पट्टी पुरते. नाव, कोणती तोड आणि वर्ष, आणि कधी उघडलं ती तारीख. या तिसऱ्या गोष्टीवर सगळं चालतं. एका वेळी चार-पाचच पाकिटं उघडी ठेवायची, ती हाताशी, बाकी सीलबंद खाली. नवीन उघडायचं तर आधी एक संपलं पाहिजे. सादळलाय का हे कळायला पान बोटात धरून मोडून बघा, चांगलं पान कट्कन तुटतं, सादळलेलं नुसतं वाकतं. जुना झालेला हिरवा चहा फेकू नका, कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत भाजा, पान तपकिरी होतं आणि भाजल्या दाण्यांसारखा वास सुटतो, जपानात असा भाजलेला चहा होजिचा म्हणून मुद्दाम बनवतात. बाकी जे उतरले ते आलं आणि गवती चहा टाकून उकळा, खपून जातात.

पिण्याचं म्हणाल तर एकेक चहा सुटा पिऊन काही फारसं कळत नाही, दोन शेजारी ठेवा. एकाच बागेचा फर्स्ट आणि सेकंड फ्लश, दोन्ही पांढऱ्या कपात, पत्ती सारखी, पाणी सारखं, वेळ सारखी. पहिला पिवळसर, फुलांकडे झुकणारा, दुसरा तांबूस आणि जरा मनुकांकडे जाणारा, हे कोणालाही सांगावं लागत नाही, माझी आई जन्मभर दुधाचाच चहा पीत आली, तिनेही न सांगता ओळखलं, वर म्हणाली की दोन्हीत साखर कमी आहे. काळ्याला उकळतं पाणी, हिरव्याला ७०-८० डिग्री, थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओता, तेवढं उतरतं. बोअरचं पाणी असेल तर जड पाण्याने कपावर तवंग येतो आणि चांगला चहासुद्धा मातकट लागतो, त्यापेक्षा नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. माठात वाळा टाकत असाल तर ते पाणी प्यायला स्वर्ग, चहाला नको.

वेळही बघा. तर्री पोहे झोडल्यावर फर्स्ट फ्लश पिणं म्हणजे पैसे नाग नदीत टाकणं, तिथे कडक आसामच पाहिजे, नाहीतर सरळ दुधाचा. त्या दुधाच्या चहालाही तुमच्या कलेक्शनमध्ये धरा बरं का, इतवारी बाजारात सुटा सीटीसी (यंत्रात चुरून दाणे केलेला, दुधाच्या चहाचा) घेताना दाणेदार आणि डस्ट (बारीक भुकटी) वेगवेगळे मागा आणि घरी प्रमाण जमवा, डस्टने रंग आणि कडकपणा येतो, दाण्याने चव, बहुतेक घरांत दाणा जास्त आणि डस्ट जरासा हेच आवडतं. मे महिन्यात गरम चहाची इच्छा होत नाही तेव्हा एक लिटर गार पाण्यात आठ-दहा ग्रॅम निलगिरी किंवा हिरवा टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा, कडवटपणा जवळजवळ नसतो.

पू-एरच्या चकतीचं राहिलं. तिला हवाबंद डबा नको, जरा हवा लागते, पण आपला एप्रिल-मे तिला फार कोरडा पडतो, म्हणून तिच्याच कागदात गुंडाळून, झाकणाच्या कोऱ्या मातीच्या भांड्यात ठेवा, आणि बाकीच्यांपासून लांब. चीनमध्ये वाळवलेली जुनी संत्रावर्गीय साल पू-एरमध्ये टाकायची पद्धत आहे, आणि साल तर आपल्याकडे फुकट. आंबिया बहाराची संत्री दिवाळीनंतर येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, कुठलीही घ्या, पण आधी गरम पाण्याने चोळून धुवा, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा नाहीतर चहा कडू होतो, आणि सावलीत वाळवा. साल कडकडीत वाळली की वेगळ्या डब्यात ठेवा आणि कप करतानाच तुकडा टाका.