मुका मार म्हणून सोडू नकोस

अगं, काल फोनवर तू सहज बोलता बोलता सांगितलंस ना, की डोक्यावर निळसर जांभळा डाग घेऊन एक आजोबा आले होते, दाराची चौकट लागली असेल म्हणाले आणि तू मलम देऊन पाठवलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय म्हणून आज लिहायलाच बसले. तुझं चुकलंच असं म्हणत नाहीये, बहुतेक वेळा तो मुका मारच असतो. पण त्यांना परत बोलाव.

अँजिओसारकोमा तू परीक्षेपुरता वाचला असशील. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, सगळे सॉफ्ट टिश्यू सारकोमा (स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा मऊ ऊतींचे कॅन्सर) धरले तर त्यातला १ ते २ टक्के, म्हणजे वर्षानुवर्षं ओपीडी करूनही एखादाच दिसेल. त्वचेवर होतो तेव्हा सगळ्यात जास्त डोक्यावर आणि चेहऱ्यावर, आणि बहुतेक करून साठी सत्तरी ओलांडलेल्या माणसांत, त्यातही पुरुषांत. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, केसांखाली लपतो, आणि दिसतो अगदी मार लागल्यासारखा.

माझ्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट सांगते. असेच एक काका आले, मी विचारलं लागलं होतं का, ते जरा आठवून म्हणाले, हो, लागलं असेल कुठेतरी. माणूस कारण शोधतोच गं, आणि आपण ते कारण कागदावर लिहून मोकळे होतो. तीन महिन्यांनी परत आले तेव्हा डागावर गाठी आलेल्या, उशीच्या अभ्र्याला रोज रक्त लागायचं, आणि छातीच्या सीटीमध्ये फुफ्फुसात पसरलेलं दिसलं. त्यांच्या मुलीने जुना केसपेपर माझ्यासमोर ठेवला, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, मुका मार. ते अक्षर मला अजून दिसतं.

म्हणून सांगते, खरा मुका मार रंग बदलतो, निळ्याचा हिरवट, मग पिवळट, आणि दोन तीन आठवड्यांत जातो. जो जात नाही, उलट पसरतो, ज्याची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही, तिथे थांब. केस बाजूला करून सगळं डोकं बघ, लागलं तर केस कापून बघ. डोकं छातीच्या खाली जाईल असं दहाएक सेकंद झुकवायला सांग, रक्त उतरलं की डाग गडद होतो आणि त्याचा खरा पसारा दिसतो (वयस्कर माणूस आहे, धरून ठेव, चक्कर येते). गडद झाला नाही म्हणून निश्चिंत मात्र होऊ नकोस.

आणि बायोप्सी कर. वरवरची नको, खोल, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणची, कारण चांगल्या दिसणाऱ्या त्वचेखालीही तो पसरलेला असतो. पॅथॉलॉजिस्टला नुसता फॉर्म पाठवू नकोस, फोन करून सांग की मला अँजिओसारकोमाची शंका आहे, सीडी३१ आणि ईआरजी (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी ओळखणाऱ्या तपासण्या) करा. रिपोर्ट नॉर्मल आला आणि डाग वाढतच राहिला तर परत घे, लाजू नकोस.

निघालाच तर वेळ न घालवता सारकोमा बघणाऱ्या टीमकडे पाठव. सर्जरीत कड स्वच्छ मिळणं कठीण जातं म्हणून रेडिएशन मोठ्या भागावर देतात, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचाही उपयोग होतो. आजार वाईट आहे, खोटा धीर नको, पण हात झटकायचेही दिवस राहिले नाहीत. २०२० मध्ये डोक्या-चेहऱ्यावरच्या या ट्यूमरमध्ये उन्हाने होणाऱ्या जनुकीय बिघाडाच्या ठळक खुणा दाखवल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये छापून आलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये दोन इम्युनोथेरपी औषधं (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी) एकत्र दिल्यावर १६ पैकी ४ जणांचा ट्यूमर आटला, त्यातले ३ डोक्या-चेहऱ्याच्या त्वचेचे, आणि असे पेशंट होतेच मुळी ५. आकडे लहान आहेत गं, पण मला ते वाचून खूप बरं वाटलं होतं.

घरचे विचारतील, डोकं आपटलं म्हणून झालं का, आम्ही लक्ष ठेवायला हवं होतं का. त्यांना स्पष्ट सांग की माराने हा झाला असा पुरावा नाही. ते ओझं त्यांच्यावर राहू देऊ नकोस.

उद्या सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी आजोबांच्या घरी फोन कर, नंबर केसपेपरवर असेलच. काय दिसलं ते रात्री मला कळव, कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागी असेन.