कंट्रोल बंद झालं, घरात पीठ नाही, आणि सांगायची लाज वाटते

मी समुपदेशनाचं काम करते. "मॅडम, दोन महिने झाले कंट्रोलचं (म्हणजे रेशनचं) धान्य बंद आहे, आता कुणाकडे जाऊ?" असा सरळ प्रश्न माझ्यासमोर फार कमी वेळा येतो. येतो तो दुसऱ्याच कशाच्या तरी आडून. झोप लागत नाही, सासूशी पटत नाही, पोर ऐकत नाही, डोकं सारखं तापलेलं असतं, आणि अर्धा पाऊण तास बोलल्यावर कळतं की घरात डबे रिकामे आहेत. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगतेय, ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी घडलं ते असंच.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्यातलं गाव, श्रावणातले दिवस. आमच्याकडे हे दिवस वाईटच, निंदणीचं काम पावसामुळे धड लागत नाही आणि कापूस वेचणीला अजून दोन महिने असतात. ताई आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मी काल पोराला लई मारलं, हात सुजला त्याचा, मला काय झालंय तेच कळत नाही."

मी माझ्या पद्धतीने रागाबद्दल बोलायला लागले. राग कधी येतो, अंगात आधी काय होतं, वगैरे. त्या हो हो करत होत्या. वीसेक मिनिटं गेल्यावर मी विचारलं की पोराने नेमकं केलं काय, तर म्हणाल्या, डबा चोरून आणला. मला वाटलं कुणाचा तरी डबा चोरला. मग हळूहळू कळलं. पोरगा सातवीत, शाळेत दुपारी खिचडी मिळते, ती तो अर्धीच खायचा आणि उरलेली दप्तरातल्या डब्यात घालून घरी आणायचा. आजीसाठी. शेजारणीने ते पाहिलं आणि ओट्यावर चार बायकांसमोर बोलून दाखवलं. ताईंना ते इतकं लागलं की घरी जाऊन त्यांनी पोरालाच झोडपलं.

हे ऐकल्यावर मला जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते मी तेव्हा विचारलं, आज सकाळी काय खाल्लं? त्या गप्प. मग म्हणाल्या, चहा. आमच्या केंद्रात त्या दिवशी एका मैत्रिणीच्या डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा होता, आम्ही तिघी बसून जेवलो, मगच पुढचं बोललो. उपाशी माणसाशी रागावर बोलत बसणं ही माझी चूक होती. तेव्हापासून कुणीही आलं की मी जेवणाचं आधी विचारते.

जेवल्यावर सगळं बाहेर आलं. नवरा वारून वर्ष झालेलं, घरात त्या, सासूबाई, पोरगा आणि चार वर्षांची मुलगी. केशरी कार्ड, प्राधान्य गटात. एका महिन्यात दुकानदाराने सांगितलं की तुमची ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेली नाही, धान्य आलं नाही, तहसीलला जा. ई-केवायसी कशी होणार, ताईंचा अंगठाच मशीनला लागत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं कापूस वेचलाय त्यांचे हात बघा, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांवरच्या रेषाच पुसून जातात. सासूबाईंचं तर त्याहून वाईट. ताई दोनदा ऑफिसला जाऊन आल्या, एकदा साईट बंद, एकदा साहेब मीटिंगला. दोन्ही वेळचं गाडीभाडं गेलं आणि हातात कागद एकही नाही.

मी विचारलं, गावात कुणाला सांगितलं का? तर बोलता बोलता अहिराणीवर आल्या, "काय सांगू माय, लोके हासतीन." आणि दुसरी भीती अशी की तक्रार केली तर नाव कायमचंच कापतील. ही दुसरी भीती मी खूप जणींकडून ऐकलीय, म्हणून स्पष्ट लिहिते. तक्रार केली म्हणून कार्ड रद्द करता येत नाही.

लाजेवर मी फार समजावलं नाही, वहीत हिशोब मांडला. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आहे. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला, अख्ख्या कार्डावर 35 किलो, आणि 2023 पासून हे फुकट आहे. तुम्ही चार जण, म्हणजे महिन्याला 20 किलो, दोन महिन्यांचे 40. हे 40 किलो तुमचे येणं बाकी आहे. मजुरी थकली तर मालकाच्या दारात उभं राहायला लाज वाटते का? नाही ना. त्या वहीकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, हे लिहून द्या मला. तो कागद त्यांनी पुढे सगळीकडे सोबत नेला. आणि याच कायद्यात असंही आहे की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई असते, हे सासूबाईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदा हसल्या.

पण कागद चालेपर्यंत पोट थांबत नाही. इथेच बहुतेक जण अडकतात, सगळा जीव तहसीलच्या फेऱ्यांत जातो आणि घरात चूल तशीच. म्हणून आम्ही ठरवलं की आधी आज आणि या आठवड्याचं बघू.

मुलगी चार वर्षांची, म्हणजे अंगणवाडीची. तिथे 3 ते 6 वर्षांच्या मुलांना गरम शिजवलेलं जेवण आणि नाश्ता मिळतो, लहान बाळांना आणि गरोदर, स्तनदा बायकांना घरी न्यायचा आहार मिळतो. बाप गेल्यापासून हिला अंगणवाडीत पाठवणंच सुटलं होतं, कपडे धड नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ती जायला लागली. (सातपुड्याकडच्या आदिवासी गावांत, चोपडा, यावल, धडगाव, अक्कलकुवा वगैरे भागात गरोदर आणि स्तनदा बायकांना अमृत आहार योजनेत अंगणवाडीतच एक वेळचं पूर्ण जेवण असतं, तिकडच्या बायकांनी ते आधी विचारावं.) पोराच्या शाळेचं जेवण चालूच होतं, ते पहिली ते आठवीपर्यंत असतं, त्याला रेशन कार्ड लागत नाही. मुख्याध्यापकांशी मी बोलले, त्यांनी पोराला बाजूला घेऊन सांगितलं की तू पोटभर खा, आजीचं आम्ही बघतो.

मोठ्यांचं काय? ताई बचत गटात होत्या पण हप्ता भरता येईना म्हणून मीटिंगला जाणं सोडलेलं. गटाच्या अध्यक्षबाईंशी बोलायला त्यांना मी चार दिवस विनवलं. शेवटी गेल्या. गटाने काय केलं, पैसे नाही दिले, दोन पायल्या दादर (आमच्याकडची ज्वारी) आणि थोडी उडदाची डाळ दिली, अट एवढीच की वेचणी लागली की तेवढंच धान्य परत. ही अट फार मोलाची होती असं मला वाटतं. उसनं घेणं त्यांना जमलं, मदत घेणं जमलं नसतं. मीटिंगमध्येच कळलं की अजून तीन घरांचं कंट्रोल असंच अडकलंय आणि त्यातली एक तर तीच शेजारीण, जी ओट्यावर बोलली होती.

गावात मारुतीच्या मंदिरात सप्ताह चालू होता, रोज संध्याकाळी पंगत. सासूबाईंना तिथे न्या म्हटलं तर ताई म्हणाल्या, लोक म्हणतील जेवायला आल्या. अहो पंगतीला सगळं गाव जेवायलाच येतं. सासूबाई मात्र लगेच तयार झाल्या, त्यांना भजनही ऐकायचं होतं. तालुक्याला जायच्या दिवशी शिवभोजन थाळी, 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. 2020 पासून ही योजना आहे पण काही केंद्रं बंद पडलीत, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा. धुळ्यात कामासाठी अडकलात तर गुरुद्वारात लंगर असतो, तिथे कुणी कार्ड विचारत नाही आणि जातही विचारत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, धान्यासाठी फायनान्सचं कर्ज उचलू नका. ताई त्याच वाटेवर होत्या, दहा हजार मिळणार होते, हप्ता दर आठवड्याला. आठवड्याचा हप्ता आणि हाताला काम नाही, यातून बाईची झोप जाते, मग घरात मारझोड सुरू होते, हे मी रोज बघते.

आता कागदाचं. 1967 नंबरवर फोन केला, 1800-22-4950 हाही आहे. कार्डाचा बारा अंकी नंबर जवळ ठेवायचा आणि तक्रार नंबर दिला की लिहून घ्यायचा. मग साधा अर्ज, दोन प्रती, एक तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हता असं धरा. अर्जात आम्ही लिहिलं की अंगठा उमटत नाही, दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करावी, आणि मशीन चालत नाही एवढ्या कारणावरून धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या 2017 च्या सूचना आहेत. हे वाचल्यावर समोरच्याचा आवाज जरा खाली आला.

अंगठा लागत नसेल तर मेरा ई-केवायसी नावाचं मोबाईल ॲप आहे, चेहऱ्यावरून होतं. गावातल्या एका कॉलेजच्या पोराने करून देतो म्हटलं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो आणि तो नंबर गेलेल्या नवऱ्याचा, बंद पडलेला. म्हणजे आधी आधारमध्ये नंबर बदलणं आलं, त्यात पंधरा दिवस गेले. तुमच्या घरात असं असेल तर ते आजच बघून ठेवा. सासूबाईंचा चेहरा ॲपमध्ये तीनदा चुकला, चौथ्यांदा दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं तेव्हा झालं.

पुढच्या महिन्यात चौघांचं धान्य आलं, पूर्ण 20 किलो. मागचं धान्य मिळालं नाही, त्याबद्दल कायद्यात अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, त्यासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज दिलाय, तो अजून चालू आहे.

पोराचं राहिलं. त्याला घेऊन त्या दोनदा आल्या. पहिल्यांदा तो आईकडे बघायलाही तयार नव्हता. मी विचारलं, डबा का आणायचास? म्हणाला, आजी म्हणते भूक नाही, पण रात्री पाणी पिते सारखी. ताई रडल्या, मी थांबवलं नाही. मग त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तोच सुजलेला, आणि म्हणाल्या, "घरात काय आहे काय नाही ते मी तुला सांगत जाईन, तूही मला सांगत जा." मला वाटतं हेच सगळ्यात अवघड असतं. मुलांपासून आपण रिकामा डबा लपवतो आणि त्यांना तो आपल्या आधी दिसलेला असतो.

सासूबाईंचे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, महिन्याचे 1500 रुपये अजून अडकलेत, पैसे आता थेट खात्यात येतात आणि त्यांचं खातं आधारला जोडलेलंच नाही. सोमवारी आम्ही तिघी बँकेत जाणार आहोत, रिक्षाने, त्यांना एवढं चालवत नाही.