'वर्षवीर' चालेल का?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या केटलिन क्लार्क या बास्केटबॉलपटूवर लेख लिहीत आहेत. क्लार्कला २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं कॉलेज बास्केटबॉलमधली 'प्लेअर ऑफ द इयर' म्हणून गौरवलं गेलं. त्याचं मराठी त्यांनी 'वर्षाची खेळाडू' असं केलं, ते संपादकांना खटकलं. मग ताईंनी विचारलं, "सामनावीर आणि मालिकावीर चालतात, तर 'वर्षवीर' का नको?"

संपादकांना खटकलं ते योग्यच. मराठीत काळाच्या मापाला 'चा-ची-चं' लागलं की बहुतेक वेळा वय, पुरवठा नाहीतर मुदत कळते. वर्षाचं बाळ, दोन वर्षांची कालवड, वर्षाचं तिखट, सहा महिन्यांचा कोर्स. त्यामुळे 'वर्षाची खेळाडू' वाचताच डोळ्यांपुढे पाळण्यातलं पोर येतं, आयोवा विद्यापीठाची सहा फुटी मुलगी येत नाही. अनेकांतून एकाला निवडून काढायचं असेल तर आपण 'तला-तली-तलं' वापरतो: वर्गातला पहिला, भावंडांतली थोरली, गावातलं जुनं घर. म्हणून 'वर्षातली' हवं.

पण नुसतं 'वर्षातली खेळाडू' म्हणून भागत नाही, वाक्य लंगडं राहतं. 'तली'च्या पुढे विशेषण लागतंच. काही जण तक्रार करतात की मूळ इंग्रजीत 'सर्वोत्तम' नाही, मग आपण कशाला घुसडायचं? ते घुसडलेलं नाही. इंग्रजी जे न बोलता सुचवते ते मराठीला उघड बोलावं लागतं, इतकंच. 'वर्षातली सर्वोत्तम खेळाडू' हा शब्दसमूह लांब आहे, थोडा सरकारीही वाटतो, पण व्याकरणात पक्का आहे.

आता 'वर्षवीर'. कल्पना मला आवडली, कारण तिची प्रेरणा अस्सल आहे. 'सामनावीर' हा मराठी क्रीडापत्रकारितेतला फार देखणा शब्द आहे. छोटा, उच्चाराला सोपा, शिवाय इंग्रजीच्या पुढे गेलेला. क्रिकेटमध्ये 'मॅन ऑफ द मॅच'चं 'प्लेअर ऑफ द मॅच' करावं लागलं, कारण बायकांच्या सामन्यात 'मॅन' शोभेना. 'सामनावीर' आधीपासून स्मृती मानधनालाही चालत होता, त्याला हात लावावा लागला नाही.

तरी 'वर्षवीर' जमत नाही. 'वीर'च्या आधी आपण एक तर रणांगण ठेवतो किंवा गुण. सामना, मालिका, स्पर्धा ही रणांगणं. दान, कर्म हे गुण. ('वाचाळवीर'मध्ये गुणाच्या जागी अवगुण आला आणि शब्दाला धार चढली.) वर्ष यांपैकी काहीच नाही, वर्षात कोणी लढत नाही, वर्ष नुसतं सरतं. त्यात 'वर्षा'चा ध्वनी इतका जवळ आहे की 'वर्षवीर' म्हणजे छत्री न घेता मुंबईत जुलै काढणारा माणूस वाटावा.

मग वर्षाऐवजी हंगाम घ्यावा का? अर्थाच्या दृष्टीने तो जास्त खरा आहे. कॉलेज बास्केटबॉल नोव्हेंबरात सुरू होतं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतं, म्हणजे पुरस्कार कॅलेंडरच्या वर्षाचा नसतोच. २०२३-२४च्या हंगामातल्या खेळासाठी मिळालेला पुरस्कार '२०२४चा' म्हणून नोंदला जातो. तेव्हा लेखात '२०२३-२४च्या हंगामातली सर्वोत्तम खेळाडू' असं लिहिलंत तर ते मूळ इंग्रजीपेक्षाही नेमकं होईल. जोडशब्द मात्र करू नका. 'हंगाम' फारसीतून येऊन आपल्याकडे इतका मुरला की त्याचं 'हंगामी' झालं, आणि 'हंगामी' म्हटलं की हंगामी कामगार नाहीतर हंगामी अध्यक्ष आठवतात. 'हंगामवीर' हे पावती देऊन काढून घेण्याचं पद वाटेल.

इथवर शब्दांचं झालं, पण या प्रश्नात शब्दापेक्षा वस्तूचा घोळ मोठा आहे. मराठी बातम्यांत 'एनसीएएचा प्लेअर ऑफ द इयर पुरस्कार' असं सर्रास लिहिलं जातं. एनसीएए ही तिथल्या विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था खरी, पण ज्या पुरस्कारांविषयी आपण बोलतोय ते ती देत नाही. ते देणारे वेगवेगळे आहेत, आणि प्रत्येकाचा पुरस्कार वेगळा. नेस्मिथ पुरस्कार अटलांटाचा एक क्लब देतो. तो १९६९पासून आहे आणि पहिला मिळाला लू अल्सिंडरला, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारला. वुडन पुरस्कार लॉस एंजेलिसच्या एका अ‍ॅथलेटिक क्लबचा, १९७७पासून. असोसिएटेड प्रेस (एपी) ही वृत्तसंस्था १९६१पासून आपला खेळाडू निवडते. बास्केटबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेची निवड त्याहून जुनी, १९५९ची. १९९८मध्ये तिला ऑस्कर रॉबर्टसनचं नाव दिलं. गंमत म्हणजे तिचा पहिला मानकरी खुद्द रॉबर्टसनच होता. प्रशिक्षकांच्या संघटनेचा पुरस्कार पुन्हा वेगळा. महिलांसाठीचा वेड करंडक १९७८चा, मिसिसिपीतल्या डेल्टा स्टेटच्या प्रशिक्षक मार्गारेट वेड यांच्या नावाचा.

म्हणून 'त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कोण?' या प्रश्नाला नेहमी एक उत्तर नसतं. १९८१ बघा. नेस्मिथ मिळाला व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनला, वुडन मिळाला ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या डॅनी एंजला. दोघांबद्दल 'वर्षातला सर्वोत्तम' लिहिलं तर वाचक संपादकालाच पत्र लिहील. २००६मध्ये पत्रकारांच्या संघटनेने जे. जे. रेडिक आणि अ‍ॅडम मॉरिसन या दोघांना मिळून पुरस्कार दिला, नेस्मिथ, वुडन आणि एपीचे पुरस्कार रेडिककडे गेले. अशा ठिकाणी पुरस्काराचं नाव घालणं हाच सरळ उपाय: 'यंदाच्या नेस्मिथ पुरस्काराची मानकरी'. 'मानकरी'मध्ये मान आधीच असल्यामुळे 'सर्वोत्तम'ची कुबडी लागत नाही, आणि 'यंदाची' बिनतक्रार शेजारी बसते.

एकाच खेळाडूला सगळे मोठे पुरस्कार मिळाले की अमेरिकन वार्ताहर त्याला 'कन्सेन्सस' म्हणतात. त्याचं मराठी 'एकमताने' करू नका. एकमत एका सभेत होतं. इथे पाच सभा आहेत आणि प्रत्येकीत मतं फुटलेली असू शकतात. 'सगळ्या प्रमुख पुरस्कारांची मानकरी' लिहा. क्लार्कला ते दोन्ही वर्षी लागू पडतं. २०२५मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या जूजू वॉटकिन्सने नेस्मिथ, वुडन आणि एपी असे तिन्ही मिळवले.

'वीर' मालिकेतला एक शब्द मात्र या लेखात तुम्हाला हवाच आहे, तो म्हणजे 'स्पर्धावीर'. एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटी 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर' निवडतात, त्याला हा शब्द चपखल बसतो. आणि क्लार्कची खरी गोष्ट 'मानकरी' आणि 'स्पर्धावीर' या दोन शब्दांमधल्या अंतरातच आहे. २०२३मध्ये सगळे पुरस्कार तिचे, पण अंतिम सामन्यात आयोवा लुइझियाना स्टेटकडून हरली आणि स्पर्धावीर ठरली एंजल रीस. २०२४मध्ये पुन्हा सगळे पुरस्कार तिचे, पुन्हा अंतिम सामना हातचा गेला, या वेळी साउथ कॅरोलिनाकडे, आणि स्पर्धावीर कमिला कार्डोसो. त्याच वर्षी पुरुषांतही हेच घडलं: पर्ड्यूचा झॅक ईडी लागोपाठ दुसऱ्यांदा सगळ्यांच्या पसंतीचा खेळाडू ठरला, अंतिम सामना कनेक्टिकटने जिंकला, स्पर्धावीर ट्रिस्टन न्यूटन. दोन्हींना 'सर्वोत्कृष्ट खेळाडू' म्हणून मोकळं झालात तर वाचकाला वाटेल की एकाच वर्षी दोन सर्वोत्कृष्ट कसे?

'ट्रॉफी'चा एक खड्डा आहे. वर मी 'वेड करंडक' लिहिलं ते तुमच्या संपादकांना आवडेल, पण माझं मन पूर्ण तयार नाही. करंडक म्हटलं की मराठी माणसाला स्पर्धा आठवते, रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक. करंडक संघ नेतो, नाटकाची टीम नेते. 'रॉबर्टसन करंडक' वाचून कोणालाही वाटेल की ही एखादी आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे. एका खेळाडूला मतांनी मिळते ती वस्तू म्हणून 'पुरस्कार', आणि हातात धरायची ती 'ट्रॉफी' अशीच ठेवलेली बरी. तुम्ही 'वेड पुरस्कार'च लिहा.

आता 'कॉलेज'. काही जण 'महाविद्यालयीन बास्केटबॉल' लिहितात, मला ते दिशाभूल करणारं वाटतं. आपल्याकडे कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन खेळतो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पुढे आंतरविद्यापीठ खेळतो. म्हणून तर "तो युनिव्हर्सिटी खेळलाय" हे आपल्याकडे वजनदार वाक्य आहे. अमेरिकेत ही पायरीच नाही, आयोवा किंवा ड्यूक म्हणजे थेट विद्यापीठाचा संघ. अर्थाने ते 'विद्यापीठीय', बोलण्यात 'कॉलेज बास्केटबॉल'. मी दुसरं घेईन, कारण त्याला तिथलं नाव असल्याचा वास आहे आणि कोणी त्याचा फर्ग्युसन विरुद्ध एसपी असा अर्थ लावणार नाही.

'कॉन्फरन्स'चं 'परिषद' तर मुळीच करू नका. 'बिग टेन परिषद' म्हणताच व्यासपीठ, समई आणि आभारप्रदर्शन दिसू लागतं. हे विद्यापीठांचे गट आहेत, प्रत्येक गट आपला वेगळा सर्वोत्तम खेळाडू निवडतो. म्हणून राष्ट्रीय पातळीवरच्या निवडीआधी 'राष्ट्रीय' हा शब्द घालायला विसरू नका. 'बिग टेन गट' पुरे. त्या दहात २०२४पासून अठरा विद्यापीठं आहेत, त्याला आपला इलाज नाही.

सर्वांत गोड अडचण 'फ्रेशमन'ची, म्हणजे पहिल्या वर्षाला असलेल्याची आहे. २००७मध्ये टेक्सस विद्यापीठाचा केविन ड्युरंट हे मोठे पुरस्कार मिळवणारा पहिला फ्रेशमन ठरला. पुढे अँथनी डेव्हिस, झायन विल्यमसन, २०२५मध्ये ड्यूकचा कूपर फ्लॅग. 'नवखा' म्हटलं तर अन्याय होतो, हे नवखे कसले! 'प्रथम वर्षाचा विद्यार्थी' बरोबर आहे, पण हॉल तिकिटावरचं वाटतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर याला तयार शब्द आहे, एफवाय. "पोरगा एफवायला आहे आणि देशातला सर्वोत्तम ठरला" या वाक्यात जे आश्चर्य आहे, ते दुसऱ्या कुठल्या शब्दात येत नाही. अंक अनौपचारिक असेल तर खुशाल वापरा. सोफोमोर एसवाय होतो. तिथे पदवी चार वर्षांची, म्हणून टीवायपाशी हिशेब अडतो. 'तिसऱ्या वर्षाला', 'शेवटच्या वर्षाला' असं लिहा. तिसऱ्या वर्षासाठीचा 'ज्युनियर' मात्र तसाच ठेवू नका. क्लार्कने २०२३चे पुरस्कार 'ज्युनियर' असताना मिळवले असं लिहिलंत तर इथल्या वाचकाला ती ज्युनियर कॉलेजची, म्हणजे अकरावी-बारावीची वाटेल.

स्त्रीलिंगाचं थोडक्यात सांगते. 'महिला खेळाडू' वारंवार लिहायची गरज नाही. 'खेळाडू' हा शब्द तोही असतो आणि तीही, लिंग 'सर्वोत्तम ठरलेली' किंवा 'वर्षातली' यातूनच कळतं. पुरस्कार पुरुषांचा की महिलांचा हे एकदा सांगा, कारण नेस्मिथ महिलांना १९८३पासून आणि वुडन २००४पासून मिळू लागला. त्यापुढे क्रियापद सांभाळून घेईल.

क्रियापदावरून आठवलं. बातम्यांत 'पुरस्कार पटकावला' फार येतं. पटकावण्यात झडप आहे. चेंडू पटकावता येतो, एक वेळ विजेतेपदही. हे पुरस्कार पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देऊन ठरवतात, खेळाडूने त्यासाठी कुणाच्या हातून काही ओढून घेतलेलं नसतं. 'मिळाला' किंवा 'मानकरी ठरली' पुरेसं आहे. तुमचं वाक्य मी असं करीन: 'आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या सगळ्या प्रमुख पुरस्कारांची मानकरी ठरली, राष्ट्रीय विजेतेपद मात्र दोन्ही वेळा अंतिम सामन्यात हुकलं.' संपादकांनी यातही काही काढलं तर ते 'मात्र' तेवढं राहू द्यायला सांगा.