जळगावात घरी पहिलाच फिश टँक ठेवायचा आहे. उन्हाळ्यात मासे टिकतील का?

टिकतील, पण सुरुवात एप्रिल-मेमध्ये करू नका. पारा ४५ ला टेकतो तेव्हा जुने टँकही सांभाळताना नाकी नऊ येतात. पाऊस लागू द्या.

गोल बाऊल नको, निदान ५०-६० लिटरचा टँक घ्या. पाणी भरलं की लगेच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो माशांना विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे नसलेल्या टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाका; ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. घरचे हसतील, हसू द्या! पुढेही स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने हे जिवाणू मरतात. टँकमधलंच पाणी बादलीत काढून त्यात पिळायचा.

पाणी बोअरचं, बादलीला पांढरा थर धरणारं असेल, तर गप्पी, मोली, प्लॅटी घ्या. त्यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्राचा मोह आवरा. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) हवंच.

आता ऊन. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा; आपल्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणीही भराभर आटतं, पण क्षार मागेच राहतात. म्हणून नुसती भर घालू नका, आठवड्याला पाव टँक बदला. लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा.