घरात म्युझिक सिस्टीम नसेल तर गाणं कसं ऐकता? खरंच इतकी गरज असते का?

चार वर्षं झाली, आमच्याकडे सिस्टीम नाही. ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आई, मी, बायको असे तिघं कोलशेतला भाड्याच्या वन बीएचकेत आलो. अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर तेव्हापासून बहिणीकडे बदलापूरला खोक्यात पडून आहेत. ताबा दोन वर्षांत मिळणार होता.

गाणं मला लागतंच. पहिले काही महिने मोबाइलवर भागवलं. सूर कळायचा, पण तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा डग्गा गायब. तबल्याच्या कडेची चाट ऐकू यायची, डग्ग्याची घुमक आणि तळहात घासून निघणारा घिस्सा नाही. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा, खालच्या स्वरांना जेवढी हवा हलवावी लागते तेवढी त्याच्याकडून हलतच नाही. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज (सा) साधारण 139 हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. ती कंपनं मोबाइलमधून जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. तरीही आपल्याला खर्ज ऐकल्यासारखा वाटतो, कारण त्याच तारेतून उमटणारे वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा सा स्वतः भरून काढतो. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ तानपुराच लावून बसलो होतो.

मग चांगले हेडफोन घेतले. डग्गा परत आला, पण घर गेलं. नौपाड्यात रविवारी सकाळी सिस्टीम लागायची, आई ओट्यापाशी भाजी चिरत असायची आणि गाण्यातल्या एखाद्या सुंदर जागेला तिची सुरी थांबायची. आतल्या खोलीत मीही नेमका तिथेच थांबलेला असायचो. हेडफोन लावून मी मान डोलवायला लागलो की आई विचारायची, "काय लागलंय रे?" तिला कानात काही घालवत नाही.

प्रत्यक्ष मैफलीची बरोबरी कशालाच नाही, आणि त्या बाबतीत ठाणेकर नशीबवान आहेत. गायक पं. राम मराठे इथेच राहायचे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव महापालिका भरवते. आईला घेऊन जातो, शक्यतो पुढे बसतो. तिथे डग्गा छातीत वाजतो. पण मैफल रोज नसते.

म्हणून तुम्हाला सांगेन, मोठ्या सिस्टीमसाठी थांबू नका आणि सगळे पैसे हेडफोनवरही घालू नका. घरातल्या दोघांना एकदम ऐकू येईल असं काहीतरी घ्या. आम्ही गेल्या दिवाळीत एक मध्यम ब्लूटूथ स्पीकर घेतला. तो खोलीच्या मधोमध न ठेवता दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवला की खालचे स्वर भरीव येतात, करून बघा. पहिल्यांदा लावला त्या सकाळी आईने गॅस बारीक केला, बाहेर आली आणि म्हणाली, "जरा मागे घे. ती जागा परत ऐकू दे."